मूळ टाकू नका : जुन्या डिजिटल फोटोंविषयी थोडं



आजचा विषय ऐकायला जरा कोरडा वाटेल. जुने डिजिटल फोटो, जे आजच्या कॉम्प्युटरवर उघडतच नाहीत, ते वाचवायचे कसे? मी काही या विषयातली तज्ज्ञ नाही. न्यू जर्सीत एका ऑफिसात हिशेब सांभाळते. पण या बाबतीत आमच्या घरात एकच चूक दोनदा झाली आणि तिची किंमत आम्ही मोजली. ती तुमच्या घरी होऊ नये, एवढ्यासाठी आज बोलते आहे. मधे काही नावं आणि आकडे येतील. कागद-पेन्सिल जवळ असू द्या. कामाचं तेवढं शेवटी पुन्हा सांगेन.

गोष्ट १९९५ ची. माझ्या बाळंतपणाला सांगलीहून आई-बाबा आले होते. पहिलाच परदेश प्रवास. जुलैमध्ये मुलगी झाली, मागोमाग श्रावण आला, आणि त्या दोन-तीन महिन्यांत आम्ही रोलवर रोल संपवले. तेव्हा फोटोच्या दुकानात एक नवी सोय होती, कोडॅकची फोटो सीडी. १९९२ मध्ये ती बाजारात आली होती. आपण रोल धुवायला द्यायचा, आणि प्रिंटबरोबर ते सगळे फोटो स्कॅन करून एका सोनेरी सीडीवर घालून द्यायचे. एका सीडीवर साधारण १०० फोटो मावत. डबीत एक कागद असायचा, त्यावर सगळ्या फोटोंची नखाएवढी चित्रं आणि खाली नंबर. आमच्याकडे चार वर्षांत अशा पाच सीड्या झाल्या.

प्रिंटचे अल्बम आई-बाबा सांगलीला घेऊन गेले. निगेटिव्ह आमच्याकडे होत्या. पुढे अपार्टमेंट सोडून घरात आलो, तेव्हा त्यांचं खोकं कुठेतरी राहिलं. मी फारसं शोधलंही नाही. म्हटलं, सीडी आहेत ना आता! ही पहिली चूक.

२००९ मध्ये नवा लॅपटॉप घेतला. त्यावर त्या सीडीमधले फोटो काही उघडेनात. फायलींच्या नावाच्या शेवटी जेपीजी नव्हतं, पीसीडी असं होतं. नवऱ्याने आधी नुसतं शेवटचं पीसीडी खोडून जेपीजी लिहून पाहिलं. पुष्कळजण हे करतात. पण डब्यावरची चिठ्ठी बदलली म्हणून आतल्या मिठाची साखर होत नाही. मग त्याने एक मोफत प्रोग्रॅम उतरवून घेतला, एका रात्रीत पाचही सीड्या घातल्या, आणि सकाळी सगळे फोटो जेपीजी होऊन तयार. लॅपटॉपवर ते छान दिसत होते. आम्ही खूश.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात परसातल्या टोमॅटोवर पाखरं फार येत होती. जुनी सीडी दोरीला टांगली की ती उन्हात चमकते आणि पाखरं बिचकतात, हे तुम्हाला माहीतच आहे. पुण्या-मुंबईच्या गॅलऱ्यांत कबुतरांसाठी हेच करतात. नवऱ्याने पाचातल्या तीन सीड्या टांगल्या. मला विचारूनच टांगल्या. मी म्हटलं, टांग की, फोटो तर घेतलेत काढून. ही दुसरी चूक, आणि ती माझी आहे, त्याची नाही.

मग आला ऑगस्ट २०१९. सांगलीचा पूर आपण सगळ्यांनी इथे बसून फोनवर पाहिला. आमचं घर तळमजल्यावर. माणसं वेळेत बाहेर पडली, पण कपाटाच्या खालच्या खणातले अल्बम कृष्णामाईने नेले. जे उरलं त्याची पानं एकमेकांना चिकटून लगदा झाला होता.

पुढच्याच वर्षी, कोविडच्या दिवसांत, बाबा गेले. मला जाता आलं नाही. तेराव्याच्या आधी दादाचा फोन आला. म्हणाला, "अगं, भिंतीवर लावायला बाबांचा एक चांगला फोटो नाही घरात. आहेत ते आजारपणातले. तुझ्याकडे तिकडचे आहेत ना, हसरे? एक पाठव." मी विमानतळावरचा निवडला. ट्रॉली ढकलत येताहेत, डोक्यावर टोपी, चेहऱ्यावर आश्चर्य. पाठवला. तासाभराने तिथल्या फोटोवाल्यांचाच फोन. "ताई, फोटो फार लहान आहे हो. मोठा केला की चेहरा फुटतोय. मूळ फाइल पाठवा."

मूळ फाइल. मी कॉम्प्युटरवर त्या फोटोचा आकार बघितला. ७६८ बाय ५१२. म्हणजे जेमतेम चार लाख ठिपके. चांगल्या प्रतीची प्रिंट काढायची तर इंचाला ३०० ठिपके लागतात. त्या हिशेबाने हा फोटो अडीच इंचांचा होतो. पासपोर्टच्या फोटोपेक्षा थोडा मोठा.

काय झालं होतं, ते मला नंतर समजलं. तुमच्याकडेही त्या सोनेरी सीड्या असतील तर हे नीट ऐका. कोडॅकच्या पीसीडी फाइलमध्ये एकच फोटो पाच आकारांत ठेवलेला असतो. सगळ्यात लहान १९२ बाय १२८, यादीत दाखवायला. मधला ७६८ बाय ५१२, त्या काळच्या टीव्हीवर बघायला. आणि सगळ्यात मोठा ३०७२ बाय २०४८, प्रिंट काढायला. मोठ्यात ६३ लाख ठिपके, मधल्यात चार लाख. सोळा पटींचा फरक. आमच्या त्या मोफत प्रोग्रॅमने प्रत्येक फाइल उघडली, मधला आकार उचलला आणि बाकीचं सोडून दिलं. त्याने कुठेही तसं सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. दहा इंचांची चांगली प्रिंट निघेल असे फोटो आमच्याकडे होते आणि आम्ही ते टोमॅटोवर टांगले.

मी परसात गेले. सप्टेंबर होता. टांगलेल्यातली एक सीडी तोवर कुठे उडून गेली होती, दोन मिळाल्या. उन्हापावसाने वरचा थर सोलवटून आरपार दिसत होतं. ज्या थरावर फोटो असतात तोच तो थर. विमानतळाची सीडी त्या दोघींत होती. ड्राइव्हने ती ओळखलीसुद्धा नाही.

मात्र कपाटात, डबीत, दोन सीड्या शाबूत होत्या.

आताच्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नसतो, म्हणून यूएसबीला जोडायचा छोटा ड्राइव्ह मागवला. पहिली सीडी लगेच वाचली गेली. दुसरी मधेच अडकायची. तिला मऊ सुती कापडाने पुसलं. गोल गोल नाही, मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ पुसायचं. तरी काही फायली येईनात. मग एका मैत्रिणीकडच्या जुन्या डेस्कटॉपमध्ये घातली, तिथे त्या आल्या. एका ड्राइव्हने नाही म्हटलं म्हणून सीडी गेली असं समजू नका. दुसरा, तिसरा ड्राइव्ह करून बघा.

सीडी उघडली की फोटो सीडी नावाचा फोल्डर दिसतो, त्यात इमेजेस नावाचा, आणि त्यात ओळीने फायली. आधी तो अख्खा फोल्डर जसाच्या तसा कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. फोटो बघत बसू नका. सीडीला पुन्हा पुन्हा फिरवायचं नाही. एकदा उतरलं की मग निवांत काम करा.

आता रूपांतर. ज्या मुलीच्या जन्माचे हे फोटो, तीच त्या वेळी पंचवीस वर्षांची होऊन माझ्या शेजारी बसली होती. विंडोजवर इरफानव्ह्यू नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे. त्याचे प्लगइन्स वेगळे टाकावे लागतात, आणि मग सेटिंगमध्ये कोडॅक फोटो सीडीसाठी कोणता आकार उघडायचा ते निवडावं लागतं. तिथे सगळ्यात मोठा निवडायचा. नाही निवडला तर पुन्हा तोच छोटा फोटो मिळण्याची शक्यता. म्हणून पहिला फोटो झाला की लगेच आकार तपासा. ३०७२ बाय २०४८ दिसलं तरच पुढे जा.

आमचा आकार बरोबर आला, पण दुसरीच गोष्ट बिघडली. बाबांचा सदरा आणि टोपी पांढरीफटक. घडी नाही, सुरकुती नाही, कागद कापून चिकटवल्यासारखी. आईची फिकट साडीही तशीच. मला वाटलं फ्लॅशमुळे असेल. पण तसं नव्हतं. कोडॅकच्या या फॉरमॅटमध्ये साध्या पांढऱ्याच्याही वरचा उजेड साठवायला जागा ठेवलेली आहे. साधे प्रोग्रॅम ती वरची पट्टी कापून टाकतात, आणि उजळ भाग सगळा सपाट होतो. कोडॅकने फाइलची आतली मांडणी कधी नीट खुली केली नाही. बाहेरच्या लोकांनी ती उलगडून काढली, म्हणून प्रत्येक प्रोग्रॅमचं वाचन थोडं वेगळं. यासाठीच बनवलेला एक मोफत प्रोग्रॅम आहे, पीसीडी-टू-जेपेग. त्याला खिडक्या, बटणं नाहीत, आज्ञा टाइप करावी लागते. घरातल्या तरुण माणसाला सांगा, पाच मिनिटांचं काम आहे. त्यातून तोच फोटो काढला आणि सदऱ्याच्या बाहीवरची इस्त्रीची घडी दिसली. बाबा स्वतः इस्त्री करत. बाहीची घडी वाकडी झाली तर पुन्हा करत. मी थोडा वेळ स्क्रीनसमोरून उठले.

त्या फोटोविषयी अजून थोडं सांगते. छोट्या आकारात तो आमचा नावडता फोटो होता. स्वयंपाकघर, कोणीतरी पाटावर बसलेल्या बाई, फ्रिजवर पिवळट डाग, आणि मागे दारात एक अंधुक आकृती. मी तो कधी कुणाला दाखवला नव्हता. मोठ्या आकारात पाहिल्यावर ती आकृती म्हणजे बाबा निघाले. हातात तुपाचं भांडं, आणि कुणी आपला फोटो काढतंय हे माहीत नसलेलं हसू. फ्रिजवरचा तो डाग म्हणजे जिवतीचा कागद होता.

आईला व्हिडिओ कॉलवर फोटो दाखवला. तिने बघितल्या बघितल्या सांगितलं, "अगं, हा श्रावणी शुक्रवार. कागद मी सांगलीहून बॅगेत घालून आणला होता. तुमच्या खालच्या मजल्यावरच्या त्या गुजराती बेनना सवाष्ण म्हणून जेवायला बोलावलं होतं. यांना मी म्हटलं, तूप तुम्ही वाढा, मला पोळी लाटू दे." पंचवीस वर्षं तो फोटो आमच्याकडे होता. त्यातल्या बाई कोण, दिवस कोणता, मला काहीच आठवत नव्हतं. आईला सगळं ठाऊक होतं, पण तिला दिसेल एवढा मोठा फोटो आम्ही कधी उघडलाच नव्हता.

बाबांचा चेहरा तेवढा कापून घेतला, तर पाच बाय सातची स्वच्छ प्रिंट निघाली. तेराव्याला तोच फोटो होता. आजही सांगलीत तोच आहे. आता घर दुसऱ्या मजल्यावर आहे.

विमानतळाचा फोटो मात्र गेला तो गेला. अडीच इंचांचा आहे, तेवढाच आहे. माझ्या भाच्याने मागे एका ॲपमधून तो मोठा करून पाठवला. फार स्पष्ट, फार सुंदर. पण ते डोळे बाबांचे नाहीत. जी माहिती फाइलमध्ये नाही ती ॲपने अंदाजाने रंगवलेली असते. बघायला ठीक आहे, पण भिंतीवर लावून त्याला नमस्कार करायला मन होत नाही.

आता तुमच्या घरात काय काय निघू शकेल ते सांगते.

कोडॅकचीच पिक्चर सीडी नावाची दुसरी वस्तू नंतर आली. नाव सारखं, पण आत साधे जेपीजी असतात. ते आजही उघडतात, फक्त उतरवून घ्या. १९९७ पासून सोनीचे डिजिटल माविका कॅमेरे आले, ते फ्लॉपीवर फोटो काढत. त्यातही जेपीजीच. अडचण फॉरमॅटची नसते, फ्लॉपीच्या ड्राइव्हची असते, आणि तो यूएसबीचा मिळतो. ऑलिंपस आणि फुजीच्या जुन्या कॅमेऱ्यांची पातळ स्मार्टमीडिया कार्डं असतील, तर ती वाचणारा कार्ड रीडर शोधावा लागेल. म्हणजे आधी हे ठरवा की अडलंय कुठे. वस्तू वाचली जात नाही, की फाइल उघडत नाही? दोन्हींचे उपाय वेगळे.

फाइलच उघडत नसेल, तर नावाचा शेवट बघा. पीसीडी म्हणजे आता सांगितलं ते. केडीसी किंवा एफपीएक्स असेल तर कोडॅकचे जुने डिजिटल कॅमेरे. एमआरडब्ल्यू असेल तर मिनोल्टा. त्या कंपनीने २००६ मध्ये कॅमेऱ्यांचा धंदाच सोडला. यांतल्या पुष्कळ फायली एक्सएनव्ह्यू किंवा इरफानव्ह्यू उघडतात. अनोळखी वेबसाइटवर फोटो चढवून रूपांतर करून घेऊ नका. घरातल्या लेकीबाळींचे फोटो कुठे जातील सांगता येत नाही, आणि परत येणारा फोटो बहुधा छोटाच असतो.

रूपांतर कशात करायचं? रोजच्या बघण्यासाठी जेपीजी, सगळ्यात वरच्या दर्जाचा. पण जेपीजी दर वेळी बदल करून सेव्ह केला की थोडा थोडा झिजतो. म्हणून जे दहा-वीस फोटो जिवाभावाचे आहेत, ते टिफमध्येही ठेवा. टिफ फाइल मोठी होते, आमचा एकेक फोटो साधारण १८ एमबीचा झाला. आजच्या काळात ते काही जास्त नाही. आणि मूळ पीसीडी फाइल कितीही कालबाह्य वाटली तरी तशीच ठेवा. उद्या त्याहून चांगला प्रोग्रॅम आला, तर त्याला द्यायला आपल्याकडे मूळ हवं.

तारखेचंही लक्षात ठेवा. रूपांतर केलेला फोटो फोनमध्ये टाकला की फोन त्याला आजची तारीख लावतो. आमच्या फोनमध्ये बाबा २०२० मध्ये तूप वाढत होते. सीडीत एक तारीख असते, पण ती स्कॅन केल्याची, फोटो काढल्याची नव्हे. म्हणून फाइलच्या नावातच आधी वर्ष, मग महिना, मग दोन शब्द लिहा. १९९५, ०८, श्रावणी शुक्रवार. एवढं पुरे.

आणि नावं. जो फोटो वाचवाल, तो घरातल्या वडीलधाऱ्यांना लगेच दाखवा. त्यांना लिहायला सांगू नका, ते लिहिणार नाहीत. व्हिडिओ कॉलवर स्क्रीन दाखवा, त्यांना बोलू द्या, आणि त्यांना सांगून ते बोलणं रेकॉर्ड करून घ्या. आई एका बैठकीत पंधरा-वीस फोटोंच्या पुढे जात नाही, कारण प्रत्येकाची गोष्ट निघते. निघू दे. फाइल उघडायला प्रोग्रॅम मिळेल, आज नाही तर उद्या. फोटोतल्या पाटावरच्या बाई कोण, हे सांगणारा प्रोग्रॅम नाही.

आपण हसतो, काय ते जुने फॉरमॅट म्हणून. २०१७ पासून आयफोन जे फोटो काढतो तेही जेपीजी नसतात, त्यांच्या शेवटी एचईआयसी असतं, आणि आजही काही कॉम्प्युटरवर ते उघडत नाहीत. व्हॉट्सॲपवरून फोटो पाठवला की तो लहान होऊन जातो. आणि गावाकडे तोच लहान झालेला फोटो जपून ठेवतात, कारण त्यांच्यापाशी तेवढाच पोचलेला असतो. प्रिंट काढायचा फोटो पाठवायचा असेल तर तो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मग आकार कमी होत नाही. म्हणजे आमच्या घरात जे २००९ मध्ये झालं, ते आपण रोज आपल्या हाताने करतो आहोत.

आता कागदावर उतरवून घ्या.

एक. आधी सगळं जसंच्या तसं उतरवून घ्या, मग रूपांतर.

दोन. पहिलाच फोटो झाला की आकार तपासा. कोडॅकच्या पीसीडीसाठी ३०७२ बाय २०४८. पांढऱ्या कपड्यांवर घड्या दिसताहेत का, तेही बघा.

तीन. तीन प्रती ठेवा. एक कॉम्प्युटरवर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर, आणि एक दुसऱ्या गावात. आमची तिसरी प्रत दादाकडे सांगलीला आहे, आणि त्याची आमच्याकडे. पूर एका वेळी दोन्हीकडे येणार नाही.

चार. वर्ष आणि नावं, सांगणारं माणूस आहे तोवर.

पाच. मूळ टाकू नका. निगेटिव्ह असो, सीडी असो, जुनी फाइल असो. नवी प्रत हातात आली की आपल्याला वाटतं, आता मूळ कशाला? मला दोनदा तसं वाटलं.

येत्या शनिवारी-रविवारी गराजमधलं, बेसमेंटमधलं ते खोकं काढा. सोनेरी सीडी दिसली तर तिला डबीतून सांभाळून, कडेला धरून बाहेर काढा. आणि परसात एखादी टांगलेली असेल, तर आज संध्याकाळीच उतरवा. टोमॅटोसाठी दुकानात जाळी मिळते.